सर्व्हरकाका

लायसन्स ॲग्रीमेंट शेवटपर्यंत वाचणारा माणूस मी एकच पाहिला आहे. बाकी सगळी दुनिया ‘आय ॲग्री’च्या चौकोनात टिचकी मारून पुढे जाते. सर्व्हरकाका चष्मा बदलतात, खुर्ची पुढे ओढतात आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात करतात. पोस्टग्रेस या डेटाबेसचा परवाना तसा आटोपशीर, दोन मिनिटांत संपणारा. तो त्यांनी आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे खड्या आवाजात वाचला. या सॉफ्टवेअरमुळे कोणाचं काहीही नुकसान झालं तरी कॅलिफोर्निया विद्यापीठ जबाबदार राहणार नाही, असं त्यात एक वाक्य आहे. तिथे काका थांबले आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहू लागले.

“मग जबाबदार कोण?” खजिनदारांनी विचारलं. समोर कुठलाही कागद आला की खजिनदारांना हाच प्रश्न पडतो.

“मी,” काका म्हणाले.

सार्वजनिक संस्थेत हा शब्द सहसा ऐकू येत नाही. चिटणीसांनी तो ताबडतोब इतिवृत्तात लिहून घेतला.

सर्व्हरकाका हे नाव वाचनालयाच्या शिपायाने ठेवलेलं. काकांना ते कळलं तेव्हा राग यायच्या ऐवजी त्यांची छाती दोन बोटं पुढे आली. असा एक गृहस्थ बहुतेक संस्थांत असतो. सोसायटीत तो पाण्याच्या टाकीला सेन्सर बसवतो, देवळात ध्वनिक्षेपकाचं वायरिंग नव्याने करतो. बसवणं हेच त्याचं सुख. बसवून झालेल्या वस्तूचं पुढे काय होतं, पाणी येतं की नाही, आरती ऐकू जाते की नाही, हा त्याच्या मते दुसऱ्या खात्याचा विषय.

आमचे काका बँकेतून निवृत्त झाले. १९९० नंतरच्या दशकात त्यांच्या शाखेत संगणक आले. लेजरांची चवड माळ्यावर गेली आणि कोपऱ्यात काचेची एक खोली झाली. आत एसी, बाहेर चपला काढायच्या, आणि दारावर पाटी : अधिकृत व्यक्तींशिवाय प्रवेश नाही. काका शाखेतले दोन नंबरचे अधिकारी. कोट्यवधींच्या कागदांवर त्यांची सही चाले. पण त्या खोलीत ते अधिकृत नव्हते. अधिकृत होता एक पंचविशीतला मुलगा, जो महिन्यातून एकदा यायचा, आत काहीतरी खुडबूड करायचा आणि चहा न घेता निघून जायचा. काकांनी नोकरीची उरलेली सगळी वर्षं त्या काचेतून लुकलुकणारे हिरवे दिवे पाहण्यात काढली. निवृत्तीच्या निरोप समारंभात मिळालेली शाल त्यांनी घरी ठेवली आणि फंडातून पहिला खर्च केला तो स्क्रूड्रायव्हरच्या संचावर.

आमचं वाचनालय ब वर्गाचं. शासनाचं अनुदान वेळेवर आलं तर तो दिवस सणाचा. पुस्तकं दाखलनोंद वहीत, सभासद वर्गणीच्या रजिस्टरात, आणि कोणी कोणतं पुस्तक दाबून बसलं आहे हे ग्रंथपाल बाईंच्या दोनशेपानी वहीत लाल शाईने. कोणीतरी जुना संगणक वाचनालयाला देणगी म्हणून दिला. देणगी म्हणजे त्यांच्या घरातली अडगळ कमी झाली. काकांनी तो पाहिला आणि जाहीर केलं, “यावर डेटाबेस सर्व्हर बसवायचा.”

काकांचं इन्स्टॉलेशन म्हणजे कीर्तन. पूर्वरंग झाल्याशिवाय ते कीबोर्डला हात लावत नाहीत. पूर्वरंगाची सुरुवात होते १९७० सालापासून. आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत एडगर कॉड नावाचा गणिती होता, त्याने त्या वर्षी एक निबंध लिहिला. त्याआधी यंत्रातून माहिती काढायची तर ती आत कुठे आणि कुठल्या वाटेने ठेवली आहे हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला ठाऊक असावं लागे. कॉड म्हणाला, माहिती साध्या तक्त्यांत मांडा. तुम्हाला काय हवं तेवढं सांगा, कुठून आणि कसं आणायचं ते यंत्र बघून घेईल.

“आमचा शिपाई हेच करतो,” बाई म्हणाल्या. “त्याला कपाटसुद्धा सांगावं लागत नाही.”

काका असले टोमणे मनावर घेत नाहीत. पुढची कथा त्यांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. आयबीएमने स्वतःच्याच माणसाची ही कल्पना बाजारात आणायला इतका वेळ लावला, की १९७९ साली दुसऱ्याच एका छोट्या कंपनीने तसला डेटाबेस विकायला काढला. तीच पुढची ओरॅकल. “साहेब लोकांना हाताखालच्याचं म्हणणं पटत नाही,” असं म्हणून काका इथे एक दीर्घ श्वास घेतात, आणि बँकेतल्या कुठल्या साहेबांची आठवण झाली हे आम्ही विचारत नाही. मग बर्कलीचे मायकेल स्टोनब्रेकर, त्यांचा इन्ग्रेस, त्यानंतर १९८६ साली सुरू केलेला पोस्टग्रेस, दोन विद्यार्थ्यांनी त्याला जोडलेली एसक्यूएल भाषा... एवढं होईपर्यंत वर्तमानपत्रं वाचायला आलेले ज्येष्ठ नागरिक घरी जेवायला गेलेले असतात.

पोस्टग्रेसच्या आधी मायएसक्यूएलचं प्रकरण होऊन गेलं होतं, ते सांगायला हवं. मायएसक्यूएल काकांना आवडायचं ते तांत्रिक गुणांपेक्षा कौटुंबिक कारणासाठी. ते बनवणाऱ्या मॉन्टी विडेनियसने त्याला थोरल्या मुलीचं, मायचं, नाव दिलं. पुढे मायएसक्यूएल आधी सन या कंपनीच्या आणि मग ओरॅकलच्या ताब्यात जातंय असं दिसल्यावर त्याने वेगळी चूल मांडली आणि तिला धाकट्या मारियाचं नाव दिलं. हे ऐकवून काकांनी वाचनालयाच्या डेटाबेसला आपल्या नातीचं नाव द्यावं असं सुचवलं. खजिनदारांनी कपाटातून देणगीचं दरपत्रक काढलं. कपाटावर नाव, पंख्यावर नाव, वाचनकक्षाला नाव, सगळ्याचे दर त्यात होते. डेटाबेसचा नव्हता. विषय तहकूब झाला.

मायएसक्यूएल बसवल्यावर ते सुरक्षित करण्यासाठी एक छोटा प्रोग्राम चालवायचा असतो, तो ओळीने प्रश्न विचारतो. बाकीचे लोक वाय, वाय, वाय असं दाबत सुटतात. काकांनी प्रत्येक प्रश्न सभेपुढे ठेवला. ‘अनामिक युझर काढून टाकू का?’ या प्रश्नावर बराच खल झाला. अनामिक सभासद काढणं घटनेत बसतं का, असा मुद्दा उपाध्यक्षांनी काढला. त्यांचं निवडून येणं तसल्याच काही सभासदांच्या जिवावर असावं, असा एक प्रवाद आमच्याकडे आहे. शेवटी ‘हे सभासद यंत्रातले आहेत’ असा खुलासा झाल्यावर ते काढायला त्यांनी परवानगी दिली.

मग एका मुलीने सुट्टीत बसून दाखलनोंद वहीची सुरुवातीची पानं टाईप केली. दुसऱ्या दिवशी उघडून बघतात तो पडदाभर प्रश्नचिन्हं. त्या वेळच्या मायएसक्यूएलला वेगळं काही बजावलं नाही तर ते पश्चिम युरोपातली अक्षरं धरून चालायचं, आणि नावांचा क्रमही स्वीडिश पद्धतीने लावायचं, कारण मूळ कंपनी स्वीडनची. देवनागरी दिसली की त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून मोकळं. काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातलं हलन्त, दर चिन्हामागे एक. खांडेकर सात प्रश्नचिन्हं, फडके चार. बाईंनी बोटाने मोजून काही लेखक ओळखलेसुद्धा. अत्रे आणि कर्वे दोघेही पाच निघाले तेव्हा त्यांनी वही उघडली. २०१८च्या ८.० आवृत्तीपासून मायएसक्यूएलची ही सवय सुटली, पण आमचे लेखक त्याआधीच गेले.

ती मुलगी रडकुंडीला आलेली. काकांच्या चेहऱ्यावर मात्र सणासुदीचा आनंद. “पाया चुकला,” ते म्हणाले. “पुसून परत बसवू.” परत बसवणं या दोन शब्दांत काकांचं सगळं अध्यात्म आलं.

पोस्टग्रेसची नवी मोठी आवृत्ती दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येते. म्हणजे घटस्थापनेच्या मागेपुढे. काकांनी यात ईश्वरी संकेत पाहिला. दसऱ्याच्या मुहूर्तावर सर्व्हर बसवायचा असं ठरलं. खंडेनवमीला संगणकाची पूजा झाली. शिपायाने हौसेने झेंडूचा जाडजूड हार चढवला तो नेमका पंख्याच्या जाळीवर. यंत्र तापून बंद पडलं. मुहूर्त टळू नये म्हणून हार उपाध्यक्षांच्या गळ्यात घातला. तो त्यांनी सभा संपेपर्यंत काढला नाही.

पण खरा अपेक्षाभंग पुढे होता. उबुंटू या संगणकप्रणालीवर पोस्टग्रेस बसवायला एक ओळ पुरते. ती लिहिली, पासवर्ड दिला, काही ओळी सरकल्या आणि झालं. सर्व्हर चालू. काका पडद्याकडे बघत राहिले. आत शिरताना ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ असा एक नकार आला तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं. पण यंत्रात ज्या नावाने आलात त्याच नावाने डेटाबेसमध्ये शिरा, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि ‘पोस्टग्रेस’ हे नाव धारण केल्याबरोबर दार उघडलं. एवढ्यात आटोपलेलं काम हे काकांच्या मते कामच नव्हे. त्यांनी सगळं काढून टाकलं आणि मूळ सोर्स कोड उतरवून घेतला.

ती दुपार वाचनालयाच्या इतिहासात राहील. ‘कॉन्फिगर’ म्हटल्यावर यंत्र स्वतःची तपासणी करू लागलं, हे आहे का, होय, ते आहे का, होय. एके ठिकाणी ‘नाही’ आलं आणि काका ते आणायला इंटरनेटवर गेले. मग ‘मेक’. पडद्यावर ओळी धावू लागल्या. अभ्यासिकेतली स्पर्धा परीक्षेची मुलं पुस्तकं मिटून बघायला आली. काका हाताची घडी घालून उभे. डोळ्यांत हिरवे दिवे.

शेवटी डेटाबेसची मूळ जागा तयार करण्याची आज्ञा द्यायची वेळ आली. काका यंत्राचे सर्वाधिकारी, म्हणजे ‘रूट’, या नात्याने बसले होते. पोस्टग्रेसने साफ सांगितलं की रूट म्हणून हे काम करता येणार नाही. साधा युझर होऊन या. सर्वाधिकाऱ्याच्या हातून चूक झाली किंवा कोणी आत घुसलं तर सगळं यंत्रच जाईल, म्हणून ही तजवीज. एखाद्याला अपमान वाटला असता. काकांना भरून आलं. “मालकालाही नियम लावतो,” ते खजिनदारांकडे बघत म्हणाले. खजिनदार खिडकीबाहेर बघू लागले.

आणि तरीही एक सल राहिलाच. पहिला डेटाबेस आपल्या हाताने करायचा, ही त्यांची आस. यादी मागवली तर तीन आधीच हजर : पोस्टग्रेस, टेम्प्लेट-शून्य आणि टेम्प्लेट-एक. नवा डेटाबेस शून्यातून निघत नाही, टेम्प्लेट-एकची नक्कल करून निघतो. आणि टेम्प्लेट-एकमध्ये कोणी घाण केली तर शुद्ध प्रत असावी म्हणून टेम्प्लेट-शून्य. हे सगळं काकांनी सभेला समजावलं, पण आवाज पडलेला होता. “तसं म्हटलं तर आपला चौथा,” ते म्हणाले.

उद्घाटनाला पासवर्ड ठेवण्याचा मान अध्यक्षांना दिला. नारळ-फीत हे प्रकार त्यांच्या हाताखालून पुष्कळ गेले होते, पासवर्ड नवा. या पडद्यावर पासवर्ड लिहिताना काहीच उमटत नाही, टिंबंसुद्धा नाहीत. अध्यक्षांना वाटलं कीबोर्ड बिघडला. त्यांनी प्रत्येक बटण नीट दाबून दाबून पुन्हा लिहिलं. दुसऱ्यांदा तोच लिहायचा होता, तो जुळला नाही. मग जुळला. टाळ्या झाल्या. काय लिहिलं होतं ते संध्याकाळपर्यंत कोणालाच सांगता येईना, अध्यक्षांना तर नाहीच. काकांनी एका फाईलमध्ये पासवर्ड मागणारं ‘स्क्रॅम’ खोडून ‘ट्रस्ट’ लिहिलं, म्हणजे या यंत्रावर जो बसेल त्याच्यावर विश्वास, आणि आत शिरले. ती ओळ अजून तशीच आहे.

उद्घाटनाच्या सभेत मात्र पासवर्ड विसरल्याचं अजून कळायचं होतं. काकांनी सगळ्यांना पडद्याजवळ बोलावलं. ओळीच्या शेवटी हॅशचं चिन्ह लुकलुकत होतं. सामान्य युझरला तिथे बाणाचं टोक दिसतं. हॅश दिसतो फक्त सुपरयुझरला. हे काकांनी दोनदा सांगितलं. मग ‘क्रिएट डेटाबेस’ लिहून पुढे देवनागरीत संस्थेचं पूर्ण नाव लिहिलं, शब्दांमध्ये खाली रेघ देत : सार्वजनिक_वाचनालय_व_मोफत_वाचनकक्ष. एंटर दाबलं. यंत्र पुढच्या ओळीवर गेलं. टाळ्या पडल्या, चहा फिरला, अध्यक्षांचं भाषण सुरू झालं. अध्यक्ष ज्ञानेश्वरांपासून संगणकापर्यंत आले तेव्हा मागून एक मुलगी म्हणाली, “काका, अर्धविराम राहिला.”

काकांनी पाहिलं. हॅशच्या आधी मघाशी बरोबरचं चिन्ह होतं, आता उणे आलं होतं. वाक्य पुरं झालं नाही, मी थांबलोय, असं यंत्र मघापासून सांगत होतं. अध्यक्षांचं भाषण चालू असताना काकांनी हळूच अर्धविराम टाकला आणि डेटाबेस जन्माला आला. जन्मतःच त्याने एक सूचनाही दिली. पोस्टग्रेसमध्ये नावाला ६३ बाइटची मर्यादा असते, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना-मात्राही फुकट नाहीत. त्यामुळे नाव कापून ठेवलं होतं : सार्वजनिक_वाचनालय_व_मोफ.

काकांनी बोटांवर हिशेब केला. बरोबर ६३. “एक बाइटसुद्धा वाया गेला नाही,” ते अभिमानाने म्हणाले. तेव्हापासून शिपाई त्या यंत्राला मोफ म्हणतो. ‘मोफ पुसू का?’ असं त्याने सकाळी विचारलं की काका दचकतात.

आता पुस्तकं भरायची, असं आम्हाला वाटलं होतं. आम्ही काकांना ओळखलं नव्हतं. आधी तक्ते शुद्ध झाले पाहिजेत. एक गोष्ट एकाच जागी लिहायची, दोनदा नाही, हा कॉडचा दंडक. लेखक एका तक्त्यात, पुस्तकं दुसऱ्या तक्त्यात, मध्ये दुवा. मराठी साहित्य या दंडकाला बधत नाही. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एक की दोन? एक असतील तर पुस्तकावर छापलेलं नाव कुठे ठेवायचं? राम गणेश गडकरी नाटकं स्वतःच्या नावाने लिहितात, कविता गोविंदाग्रज होऊन आणि विनोद बाळकराम होऊन. काकांनी टोपणनावांचा वेगळा तक्ता काढला. मग अत्रे केशवकुमार होऊन आले. मग अनुवादक आले, संपादक आले, प्रस्तावनाकार आले. काकांनी कार्डबोर्डवर रेघांचं जाळं काढलं ते भिंतीवर मावेना. रोज चार वाजता येऊन ते एक रेघ खोडत, दोन काढत.

बाईंकडे कोणी कुसुमाग्रज मागितले की त्या एवढंच विचारतात, “कविता की नाटक?” आणि उठतात.

त्या अर्धविरामवाल्या मुलीने एकदा धीर करून सांगितलं की वाचनालयांसाठी ‘कोहा’ नावाचं तयार सॉफ्टवेअर मिळतं, फुकट, न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या वाचनालयांसाठी बनवलेलं, २००० सालापासून जगभर चालतंय. काकांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती परत गणिताच्या पुस्तकात गेली. “तयार?” ते मला हळू आवाजात म्हणाले. “मग आपण करायचं काय?” प्रश्न बिनतोड होता. निवृत्त माणसाच्या हातचं अपुरं काम काढून घ्यावं असं मलाही वाटलं नाही. तसं त्यांनी संस्थेचं कधी एक पैशाचं नुकसान केलं नाही. उलट त्यांच्या येण्याजाण्यामुळे वाचनकक्षातला पंखा दुरुस्त झाला, घड्याळ चालू झालं आणि स्विचबोर्डांवर कुठलं बटण कशाचं याच्या चिठ्ठ्या लागल्या.

बॅकअपच्या बाबतीत मात्र काका कोणाचं ऐकत नाहीत. रोज रात्री दोन वाजता डेटाबेसची प्रत आपोआप निघावी अशी व्यवस्था त्यांनी केली. शिपाई रात्री आठला मेन स्विच बंद करून घरी जातो, हे पुढे लक्षात आलं. आता ते दुपारी स्वतः प्रत काढतात, पेन ड्राइव्हवर घेतात. एक पेन ड्राइव्ह बँकेच्या लॉकरमध्ये, एक पुण्याला मुलाकडे. पूर येवो, आग लागो, आमच्या वाचनालयाचे रिकामे तक्ते जगाच्या अंतापर्यंत सुरक्षित आहेत.

मार्च उलटला, वार्षिक अहवालाची वेळ झाली. थकीत पुस्तकांचा आकडा हवा होता. बाई लाल शाईची वही काढायला उठल्या, तर काकांनी हात वर केला. “बसा, बाई. आता वही कशाला?” ते यंत्रापुढे बसले. एक ओळ लिहिली : देवघेवीच्या तक्त्यातून जी पुस्तकं परत आलेली नाहीत तेवढी दाखव. या वेळी अर्धविराम विसरले नाहीत. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर. वर तक्त्याचे मथळे, खाली कंसात : शून्य ओळी.

“बघा,” काका म्हणाले, “एक मिलिसेकंदसुद्धा लागला नाही.”

“काका, आत काही भरलेलंच नाही,” बाई म्हणाल्या.

“ते वेगळं,” काका म्हणाले. “प्रश्नाचं उत्तर अचूक आहे.”

चिटणीसांना अहवाल त्या संध्याकाळी छापखान्यात द्यायचा होता. त्यांनी लिहून टाकलं : थकीत पुस्तके, संगणकीय नोंदीनुसार, निरंक. सर्वसाधारण सभेत ते वाक्य वाचलं गेलं तेव्हा बाईंनी मांडीवरची वही उलटी करून ठेवली. संगणकीकरणाबद्दल काकांच्या अभिनंदनाचा ठराव आला. अनुमोदन द्यायला सगळ्यांत आधी उठले ते उपाध्यक्ष, ज्यांच्या घरी आमच्या शब्दकोशाचे दोन खंड गेल्या निवडणुकीच्या आधीपासून आहेत. त्यांनी काकांना शाल घातली आणि नवी आवृत्ती कधी बसवताय, असं आपुलकीने विचारलं.